स्त्रियांची व्यवसायाभिरुची कशी घडते?

एखाद्या मुलीस रसायनशास्त्राची आवड असते, दुसरीस अध्यापनाची. ही आवड स्वभावातून उद्भवते की नातेसंबंधांतून, हा मानसशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न होय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली व्यवसायनिवडीचा संबंध व्यक्तिमत्त्वाशी जोडला. आपल्या कलाशी जुळणाऱ्या कामातच मनुष्य रमतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे २००९ साली पाच लाखांहून अधिक व्यक्तींच्या चाचण्या एकत्र अभ्यासण्यात आल्या. पुरुषांचा ओढा सरासरीने वस्तूंकडे व स्त्रियांचा माणसांकडे अधिक, असे त्यांत आढळले. परंतु समूहाच्या सरासरीवरून एकेकीचे भाकीत करता येत नाही. शिवाय चाचणी आवड मोजते. ती कशी उत्पन्न झाली, हे सांगत नाही.

या दुसऱ्या बाजूकडे गेल हॅकेट व नॅन्सी बेट्झ यांनी १९८१ साली लक्ष वेधले. जे काम ‘मला जमेल’ असा विश्वास नसतो, त्याकडे मन सहसा वळत नाही. हा विश्वास स्वतःच्या यशातून, इतरांच्या उदाहरणातून आणि प्रोत्साहनातून येतो. स्त्रियांच्या वाट्यास ही साधने अनेक क्षेत्रांत कमी येतात.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (१९११–१९९८) यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचे वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ साली पदवी मिळाल्यावर कमलाबाईंनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या कसोटीच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे श्रीनिवासय्या यांच्यासारखे गुरू लाभले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. १९४७ साली विवाहानंतर कुन्नूरची पोषण-प्रयोगशाळा सोडून त्या मुंबईस आल्या आणि तेथे नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. विवाहाने कामाचे गाव बदलले, विषय बदलला नाही.

निर्धार हा त्यांचा स्वभाव होता. त्यास दिशा घराने दिली व बळ गुरूने. तितकीच आवड, पण मृदू स्वभाव असलेली मुलगी त्या नकारानंतर कदाचित घरी परतली असती आणि तिला विज्ञानाची गोडीच नव्हती, असा निष्कर्ष लोकांनी काढला असता. म्हणून कन्येची आवड ठरविण्यापूर्वी, ते काम करून पाहण्याची संधी आपण तिला दिली काय, हे पालकांनी व शिक्षकांनी आधी तपासावे.