अर्धशिशी आणि नायट्रिक ऑक्साइड

वडोदऱ्यात, म्हणजे मराठी मंडळींच्या बडोद्यात, नवरात्रातील गरबा रात्री उशिरापर्यंत रंगतो. उपवास आणि जागरण एकत्र आले की अर्धशिशीच्या रोग्याचे डोके बहुधा ठणकू लागते. आयुर्वेदात या विकारास अर्धावभेदक म्हटले आहे. बहुतेक वेळा एका बाजूस ठणका, मळमळ आणि उजेड असह्य होणे ही त्याची लक्षणे होत. घरोघरी मात्र ‘पित्त झाले’ एवढ्यावरच त्याची बोळवण होते.

या विकाराच्या कारणाचा एक धागा स्फोटक द्रव्यात सापडला. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ सोब्रेरो याने १८४७ साली नायट्रोग्लिसरीन तयार केले. ते किंचित जिभेस लावताच त्याचे डोके विलक्षण दुखू लागले. पुढे डायनामाइट कारखान्यांतील कामगारांस सोमवारी हाच त्रास होई. आठवडाभरात शरीर त्यास सरावे आणि सुट्टीत तो सराव मोडे. १८७९ साली लंडनचे डॉ. मरेल यांनी हेच द्रव्य हृदयशूलावर वापरले. जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी त्याच जातीची आहे.

ही औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोकळा करतात. रक्तवाहिन्यांचे अस्तरही तो अल्प प्रमाणात निर्माण करते व त्यायोगे वाहिन्या सैलावतात. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांस १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डेन्मार्कमधील प्रयोगांत नायट्रोग्लिसरीन शिरेतून दिल्यावर निरोगी माणसाचे डोके थोडा वेळच दुखले. अर्धशिशीच्या अनेक रोग्यांस मात्र काही तासांनी, औषधाचा अंमल उतरल्यावर, खरा झटका आला. केवळ वाहिन्या फुगणे हेच कारण असते, तर एवढा विलंब झाला नसता. चेहरा व मेंदूची आवरणे यांची वेदना वाहून नेणारे मज्जातंतू मधल्या काळात हळवे होतात, असे मानले जाते. त्यांतून स्रवणाऱ्या सीजीआरपी या द्रव्यास रोखणारी औषधे २०१८ पासून वापरात आली. नायट्रिक ऑक्साइडलाच अडविण्याचे प्रयत्न अद्याप नित्याच्या उपचारापर्यंत पोचलेले नाहीत.

हृदयरोग्याने मात्र डोके दुखते म्हणून आपली गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांस सांगितल्यास मात्रा बदलता येते. एकाएकी असह्य डोकेदुखी, सोबत ताप, मान ताठणे किंवा हातापायांत अशक्तता आल्यास ती अर्धशिशी न समजता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.