नव्वद टक्क्यांचा हिशेब

हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये हल्ली बहुधा क्लास डी जातीचाच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्के असल्याचे चिपच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापलेले असते. आकडा खरा आहे. जुन्या क्लास बी मांडणीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो आणि उरलेले व्होल्टेज त्याच्यातच उष्णता होऊन जाते. पूर्ण जोरातही तिची कागदावरची कमाल ७८.५ टक्के. क्लास डीमधले ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉस्फेट, एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप होते आणि प्रत्येक स्पंद किती रुंद ठेवायचा यातून गाण्याची लहर घडते. पण ९० टक्के मोजतात ते अ‍ॅम्प्लिफायरने चांगलाच जोर लावलेला असताना. घरात गाणे असे कुणी ऐकत नाही. बॅटरी टिकवायची तर कमी आवाजातला खर्च आधी कापला पाहिजे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्रास मिळणारी, दोन चॅनलची पीएएम ८४०३ ही चिप घ्या. ५ व्होल्टवर, काहीही वाजत नसताना ती साधारण १६ मिलिअँपिअर ओढते, म्हणजे ८० मिलिवॉट. संगीतातली शिखरे सरासरीच्या दसपट ते शंभरपट उंच असतात, त्यामुळे जवळ बसून ऐकायला सरासरी ५० मिलिवॉट पुरतात. ते स्पीकरला पोचवायला ५५ आणि जागे राहायला ८०, म्हणजे १३५ खर्चून ५० हाती. कार्यक्षमता ३७ टक्के. मॅक्स ९८३५७ए ही एका चॅनलची चिप निवांत असताना २.४ मिलिअँपिअरच घेते. दोन लावल्या तरी २४ मिलिवॉट, आणि तेवढ्याच आवाजाला कार्यक्षमता ६० टक्क्यांवर जाते. ७.४ वॉट-तासांच्या बॅटरीवर पहिली ५५ तास चालेल, दुसरी ९० तासांहून अधिक. हिशेब ढोबळ आहे, पण ५० मिलिवॉटवरची कार्यक्षमता माहितीपत्रकात पहिल्या पानावर यावी, असे मला ठामपणे वाटते.

यावर कुणी म्हणेल, मॉस्फेट मोठे घ्या, रोध कमी होईल. होईल, पण मोठ्या मॉस्फेटचे गेट दर उघडझापीला जास्त विद्युतभार मागते, आणि तो खर्च गाणे हळू असले तरी चुकत नाही. पूर्ण जोरात फायद्याचा ठरणारा मॉस्फेट हळू आवाजात तोट्याचा ठरतो. छोट्या स्पीकरसाठी त्यापेक्षा ४ ओमऐवजी ८ ओमचा स्पीकर बरा: कमाल आवाज थोडा घटतो, पण तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो. ब्लूटूथचा रेडिओ आणि रंगीत दिवे तेवढीच वीज खातात, मग अ‍ॅम्प्लिफायरचे काय एवढे, हा आक्षेपही रास्त आहे. त्याचे उत्तर दिवे काढणे हेच.

खरी गळती मात्र स्पीकरमध्येच आहे. एका वॉटला एका मीटरवर ८२ डेसिबल देणारा स्पीकर विजेचा जेमतेम हजारावा भाग आवाजात बदलतो. बाकीची व्हॉइस कॉइल तापवते. अ‍ॅम्प्लिफायर ८५ वरून ९० टक्क्यांवर नेला तर पाव डेसिबल मिळतो. ३ डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर निवडला तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज येतो. त्यात खर्ज चढवायचा मोह. १० डेसिबल चढवले की त्या पट्ट्यात दसपट शक्ती लागते, आणि स्पीकरच्या कुवतीखालचे सूर पडदा नुसता हलवतात, ऐकू येत नाहीत. ते आधीच गाळावेत. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झवर असते. मोबाइलचा स्पीकर तो मूळ स्वर देतच नाही, तरी वरच्या स्वरांशांवरून कान तो खर्ज ओळखतो. डग्ग्याचा छातीत जाणवणारा दणका मात्र असा भरून निघत नाही, हे मान्य करावे लागते. म्हणून गाळणीची सीमा आवाजाच्या पातळीनुसार सरकती हवी: हळू वाजताना खाली, कारण तेव्हा पडद्याला पुरेशी मोकळीक असते आणि वीजही थोडीच जाते, आवाज वाढेल तशी वर.