घराचे काम काढताय? पैसा कामाच्या पुढे धावू देऊ नका

घराच्या नूतनीकरणात फसवणूक बहुतेकदा एकाच वाटेने होते. काम निम्मेही झालेले नसते आणि पैसे मात्र जवळजवळ सगळे गेलेले असतात. मग ठेकेदार फोन उचलत नाही. हे टाळायचे कसे?

करार : ‘बाथरूमचे काम, दीड लाख’ एवढ्यावर थांबू नका. टाइल्सचा ब्रँड, चौरस फुटाचा दर, मजुरी, मुदत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

हप्ते : आगाऊ रक्कम कमीत कमी द्या. तोडफोड, प्लंबिंग, टाइल्स अशा टप्प्यांनुसार पुढचे पैसे द्या. निदान १० टक्के रक्कम शेवटच्या तपासणीपर्यंत हाती ठेवा. रोख टाळा.

तपासणी : टाइल्स बसण्याआधी वॉटरप्रूफिंगवर २४ ते ४८ तास पाणी साठवा आणि खालच्या छताला ओल येते का पाहा. भिंतीतील पाइप, वायरिंग झाकण्यापूर्वी फोटो काढा.

फसवणूक झाली तर : लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. करार, पावत्या आणि फोटो तिथेच उपयोगी पडतात.