भूल देण्याची विद्या आणि राखीव सैनिकाचा करार

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा क्लीव्हलंडहून फोन आला. तीस वर्षें तो अमेरिकेंतील ओहायो राज्यांत राहतो. त्याची मुलगी तेथेंच जन्मली आणि तेथेंच एका रुग्णालयांत परिचारिका आहे. “सर, पोरगी सैन्यांत नांव घालायचें म्हणते,” तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून, “तेंहि कॉलेजच्या फीसाठीं.” त्याच्या आवाजांत राग नव्हता, भय होतें. त्या एका वाक्यामुळें मीं या विषयाचा अभ्यास केला. तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मुलीला शिकावयाची आहे ती भूल देण्याची विद्या. आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणें हें डॉक्टरांचें काम. अमेरिकेंत तें डॉक्टरांप्रमाणेंच विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकाहि करतात, आणि ही रीत कालची नव्हे. १८४६ च्या ऑक्टोबरांत बॉस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग झाला. त्यानंतर कित्येक वर्षें भूल देण्याचें काम जो कोणी हाताशीं मोकळा सांपडेल त्याच्याकडे जाई, आणि त्याचें लक्ष रोग्यापेक्षां शस्त्रक्रियेकडेच अधिक असे. तेव्हां शल्यविशारदांनीं हें काम दक्ष परिचारिकांच्या हातीं सोंपविलें. मेयो बंधूंच्या रुग्णालयांतील ॲलिस मॅगॉ यांनीं १९०६ सालीं चौदा हजार रोग्यांना भूल दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एकहि मृत्यु भुलीमुळें झालेला नव्हता.

सैन्याचा या विद्येशीं संबंधहि जुनाच. खुद्द क्लीव्हलंडमधील लेकसाइड रुग्णालयाच्या ॲगाथा हॉजिन्स या डॉ. जॉर्ज क्राइल यांच्याबरोबर १९१४–१५ च्या हिवाळ्यांत फ्रान्सला गेल्या. महायुद्धांतील जखमींना भूल कशी द्यावी हें त्यांनीं तेथें प्रत्यक्ष करून दाखविलें, इतरांनाहि शिकविलें, आणि परत आल्यावर १९१५ सालीं लेकसाइडमध्यें शाळा काढली. ज्या शहरांत माझा विद्यार्थी तीस वर्षें राहिला त्या शहराची ही कथा त्याला मी पुण्यांत बसून सांगावी, याची मला गंमत वाटली.

आतां पैशाची गोष्ट. या शिक्षणाला परिचर्येची पदवी, परवाना आणि अतिदक्षता विभागांतील निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. पुढें तीन वर्षांचा अभ्यासक्रम. २०२२ पासून नव्यानें येणाऱ्या प्रत्येकास तो डॉक्टरेटचाच करावा लागतो. या तीन वर्षांत नोकरी करणें बहुधा अशक्य. म्हणजे फी द्यावयाची आणि मिळकतहि बंद. फी ठिकठिकाणीं लाख-दीड लाख डॉलर, कांहीं ठिकाणीं त्याहून अधिक. पुढें वर्षाला दोन लाखांवर प्राप्ति होते हें खरें. पण तें तीर गांठेपर्यंत पाण्यांत राहावयाचें कसें? तशांत २०२५ च्या एका कायद्यानें उच्च शिक्षणासाठीं मिळणाऱ्या सरकारी कर्जाचा एक मोठा प्रकार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांस बंद केला. मुलीची नजर सैन्याकडे वळली ती यामुळें.

ज्या राखीव दलांत ती जाऊं पाहते त्याची सर्वसाधारण रीत अशी: महिन्यांतून एक शनिवार-रविवार कवाईत, वर्षांतून सुमारें दोन आठवडे सराव, बाकीचे दिवस माणूस आपल्या धंद्यांत मोकळा. परिचारिका तेथें अधिकारी म्हणून घेतली जाते, आणि अधिकारी व्हावयाचें तर नागरिकत्व किंवा निदान कायम वास्तव्याचा परवाना असावा लागतो. व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलींनीं हें आधींच ध्यानांत घ्यावें. ज्या विद्यांची दलाला चणचण आहे त्या शिकणारांसाठीं ‘स्ट्रॅप’ या संक्षिप्त नांवाची योजना आहे. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ पट्टा असाहि होतो. नांव ठेवणारानें तो मनांत धरला होता कीं काय, देव जाणे.

येथें भल्याभल्यांची समजूत चुकते. स्ट्रॅपमध्यें कॉलेजची फी भरली जात नाहीं. मिळतें तें दरमहाचें विद्यावेतन, दोन हजार डॉलरांहून अधिक. घरभाडें आणि अन्न त्यांत निघावें. फीची सोय निराळी करावी लागते. पात्र अधिकाऱ्यांचें शैक्षणिक कर्ज सेवेच्या मोबदल्यांत हप्त्यांनीं फेडण्याची दुसरी योजना आहे, पण तिचा करार वेगळा.

बाँड हा शब्द आपल्या घरांत डॉक्टरीच्या मुलांमुळें परिचयाचा आहे. स्ट्रॅपचा बाँड असा कीं, विद्यावेतनाच्या दर सहा महिन्यांस, अथवा त्यांच्या अंशासहि, राखीव सेवेचें एक वर्ष. अंशासहि हा शब्द मीं त्याला दोनदां वाचून दाखविला. सातवा महिना लागला कीं दुसरें वर्ष डोक्यावर बसलें. छत्तीस महिने पैसे घेतले तर सहा वर्षें. आणि तीं मोजावयाचीं शिक्षण पुरें झाल्यावर. मुलगी आज सत्तावीस वर्षांची आहे. तिसाव्या वर्षीं शिक्षण संपेल, छत्तिसाव्या वर्षीं ती मोकळी होईल. लग्न, मूल, घर, जीं काय व्हावयाचीं तीं याच वर्षांत. शिवाय अभ्यास अर्धवट सुटला तर रक्कम परत करण्याचा किंवा प्रत्यक्ष सेवेंत जाण्याचा प्रसंग येऊं शकतो.

बापाचें भय मात्र कवाईतीचें नाहीं, बोलावण्याचें आहे. तें निराधार नाहीं. राष्ट्रीय आणीबाणींत राखीव सैनिकांस सलग चोवीस महिन्यांपर्यंत सेवेंत घेण्याचा अधिकार कायद्यानें दिलेला आहे, आणि १९९०–९१ च्या आखाती युद्धांत राखीव दलांतील डॉक्टर व परिचारिका मोठ्या संख्येनें बोलावल्या गेल्या होत्या. परत आल्यावर मूळची नोकरी मिळावी म्हणून १९९४ चा कायदा आहे. पण मोडलेला दवाखाना किंवा आईवांचून गेलेलें लेकराचें वर्ष कोणता कायदा भरून देईल? यांत एक विचित्र गोष्ट आहे. सैनिकांच्या शिक्षणासाठीं २००८ च्या कायद्यानें जी भरघोस मदत ठरविली, ती महिन्याच्या कवाईतीवर मिळत नाहीं. तीस निदान नव्वद दिवसांची प्रत्यक्ष सेवा लागते. ज्या बोलावण्याला घरचे भितात, त्यांतूनच पुष्कळांस तो हक्क मिळाला.

मुलगी पूर्णवेळ सैन्यांत गेली तर संबंध फी सैन्य भरतें आणि वर विद्यावेतनहि देतें. शिक्षणानंतर कांहीं वर्षें सैन्य नेमील तेथें राहावयाचें. हिशेबानें हाच मार्ग मला अधिक सरळ दिसतो. जें द्यावयाचें तें एकदम देऊन माणूस सुटतो. राखीव सेवेंत घर सुटत नाहीं हें तिचें मोठेंच सुख, आणि मुलीला क्लीव्हलंड सोडावयाचें नाहीं. माझें मत मीं सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें, मानलें नाहीं.

तीन प्रश्न तेवढे तिनें माझ्याकडून उतरून घेतले. विद्यावेतन कोणत्या तारखेस सुरू होऊन कोणत्या तारखेस थांबेल. कर्जफेडीचा करार केल्यास तीं वर्षें स्ट्रॅपच्या वर्षांबरोबर चालतील कीं त्यांच्या पुढें जोडलीं जातील. आणि शिकत असतां बोलावणें येणार नाहीं हें कागदावर कोठें लिहिलें आहे. भरती करणाऱ्या अधिकाऱ्यानें तोंडीं तिन्हींचीं उत्तरें चांगलीं दिलीं. लेखी उत्तरांची ती वाट पाहत आहे, आणि तोंवर सही केलेली नाहीं.