नीरा आंबते, तसा तोडलेला ऊसही!



"ऊस तोडून दोन दिवस फडात पडला, तर थोडं वजन घटंल, आणखी काय?" हे वाक्य गटात फिरताना नेहमी कानावर येते. वजनाची घट काटा दाखवतो, म्हणून ती आपल्याला कळते. साखरेची घट मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती साखर जाते कुठे, हे समजायला नीरेचे उदाहरण फार सोपे आहे. आणि सावंगी (मेघे) परिसराला नीरा परकी नाही. लगतच्या वर्ध्यात मगनवाडीला अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे होते. १९३४ साली स्थापन झालेल्या या संघाच्या काळात गजानन नाईक यांनी ताड-शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचे काम इकडे वाढवले.

नीरेत नेमके काय असते, हे प्रयोगशाळेत तपासले ते डॉ. कमला सोहोनी यांनी. माहेरच्या त्या भागवत, म्हणजे लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत, बाई म्हणून आधी नकार मिळाला असताना, त्यांनी हट्टाने प्रवेश मिळवला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेचे काम हाती घेतले. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह आहे, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना ती दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांच्या कामातून दिसले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पण हे सगळे ताज्या नीरेचे. ताज्या नीरेत साधारण दहा-बारा टक्के साखर असते, आणि ती आपल्या उसातलीच साखर. ऊन चढले की हवेतले, मडक्यातले यीस्ट कामाला लागते. ते आधी साखरेचा रेणू फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, मग त्यांची दारू आणि वायू. फेस दिसतो तो त्याच वायूचा. साखरेच्या निम्म्याच्या आसपास वजनाची दारू होते, बाकीचे बहुतेक हवेत जाते. म्हणून नीरा पहाटेच उतरवतात आणि मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यात या जंतूंचे फावत नाही.

आता उसाकडे या. कोयता लागला तरी कांडी लगेच मरत नाही, श्वास घेतच राहते आणि त्यात साखर खर्च होते. शिवाय तिच्यातच साखर फोडणारे एक द्रव्य असते, त्याला विकर म्हणतात. वाढ थांबली, ऊन लागले की त्याचा जोर वाढतो. कापल्या टोकातून जिवाणू शिरतात ते वेगळेच. त्यातला ल्यूकोनोस्टॉक नावाचा जिवाणू साखरेचा चिकट डिंक करतो. त्याने रस जड होतो, गाळायला त्रास होतो, दाणाही नीट बसत नाही. जळालेल्या उसात हे सगळे आणखी झपाट्याने होते.

फुटलेल्या साखरेचा दाणा होत नाही. ती मळीत जाते. कारखान्यात आपणही रसाला चुना देतोच, पण चुन्याने पुढची फूट आटोक्यात येते, फुटलेली साखर परत जुळत नाही. "मळीची दारू तर होते ना?" असे कोणी म्हणेल. होते खरी, पण एफआरपीचा हिशोब साखर उताऱ्यावर बांधलेला आहे.

आंबणे म्हणजे नासणेच, असे मात्र नाही. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून केलेली आंबील घ्या. तिथले जिवाणू आंबटपणा आणतात आणि धान्यातले लोह अंगी लागायला सोपे जाते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडते, ते डाळ भरून काढते. पण डाळ शिजलेलीच हवी. कच्च्या कडधान्यात प्रथिने पचू न देणारे घटक असतात, आणि त्यांवरही सोहोनीबाईंनी संशोधन केले होते. भाकरीबरोबर वरण घेणाऱ्या आपल्या आयांना हे कोणी शिकवले नव्हते!

तेव्हा तोडीचा क्रम आला की वाहनाची खात्री करूनच टोळी फडात घालावी. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा. वाहन चुकलेच, तर मोळ्या सावलीला रचून पाचटाने झाकाव्यात आणि वरून पाणी शिंपडावे. त्याने घट मंदावते, थांबत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर एका दिवसाचा उशीरही जड जातो.