एम.एस्सी.चे कर्ज आणि पहिला पगार

विज्ञानाच्या पदवीसाठी कर्ज काढताना घरोघरी पहिला प्रश्न असतो, ‘बँक किती देईल?’ खरे तर आधी हप्ता काढावा.

समजा, दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी १० टक्के व्याजाने १० लाख रुपये सुरुवातीलाच उचलले. अभ्यासक्रम आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने तीन वर्षांत ३ लाख होतात. ते भरले नाहीत, तर मुद्दलात मिळून कर्ज १३ लाखांचे होते. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता येतो महिना सुमारे १७,१८० रुपये. एकूण परतफेड वीस लाखांच्या पुढे!

आता मिळकत पाहा. नेट उत्तीर्ण होऊन पीएच.डी.ला लागलेल्या कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये विद्यावेतन आहे, घरभाडे भत्ता वेगळा. त्यातले जवळपास निम्मे हप्त्यातच जाणार. संशोधनाची खरी ओढ असलेली मुले या ओझ्यापायी प्रयोगशाळा सोडतात, याचे मला फार वाईट वाटते.

कॉलेजच्या जाहिरातीतल्या सरासरी पगारावर विसंबू नका. दोन-तीन मोठी पॅकेजेस ती फुगवतात. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, आणि किती जणांना नोकरीच लागली नाही, हे विचारा. करात थोडा दिलासा आहे: जुन्या प्राप्तिकर प्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण मुद्दलावर नाही.

शक्य असेल तर शिकत असताना आणि नंतरच्या वर्षातही दरमहा व्याज भरत राहा. वरच्या उदाहरणात त्याने हप्ता १३,२१५ रुपयांवर येतो.