थंड इंजिनाचे मिसिंग : दोष नेमका कसा शोधावा

पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटलेच नाही किंवा अर्धवट जळले, तर त्या वेळेपुरता तो सिलिंडर ताकद देत नाही. गॅरेजच्या भाषेत हेच ‘मिसिंग’. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू असते तेव्हा प्रत्येक सिलिंडर मिनिटात ४०० वेळा पेटतो. त्यातला एक थांबला, तरी गाडी थरथरते, पिकअप पडतो आणि सायलेन्सरमधून फट्फट् असा तुटक आवाज येतो. हा त्रास फक्त सकाळच्या पहिल्या सेल्फला होतो आणि इंजिन तापले की नाहीसा होतो, तेव्हा ते थंड इंजिनाचे मिसिंग असते.

नंदुरबार जिल्ह्यात हा दोष हिवाळ्यात ठळकपणे जाणवतो. अकराशे मीटरांहून अधिक उंचीवरच्या तोरणमाळला आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत गाड्यांच्या टपावर दव गोठते. अशा पहाटे चालू केलेली गाडी घाट उतरून शहाद्याच्या गॅरेजपर्यंत पोहोचते तोवर तिचे इंजिन पूर्ण तापलेले असते. मेकॅनिकला दोष दिसत नाही, अंदाजाने प्लग बदलले जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा मिसिंग मारते. म्हणून या दोषाचा पहिला नियम असा : तपासणी इंजिन थंड असतानाच करावी. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकनेच मारावा.

थंडीत ज्वलन अवघड का होते, हे कळले की शोध सोपा होतो. द्रव पेट्रोल नीट जळत नाही, त्याची वाफ जळते. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलचा बराच भाग भिंतींना चिकटून राहतो, म्हणून गाडीचा संगणक सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. किती सोडायचे, हे तो कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरवरून ठरवतो. मिश्रण बरोबर आहे की नाही हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. तोपर्यंत संगणक ठरलेल्या आकड्यांवर विसंबून असतो. त्यामुळे ठिणगी, इंधन, हवा किंवा कॉम्प्रेशन यांतली किरकोळ उणीवही या काळात उघडी पडते.

तपासाची सुरुवात स्कॅनरने करावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांमध्ये संगणक मिसिंगची नोंद ठेवतो. सिलिंडर पेटला नाही की क्रँकशाफ्टची गती क्षणभर मंदावते, आणि क्रँक सेन्सर ती घट टिपतो. स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला तर दोष दुसऱ्या सिलिंडरचा. पी०३०० आले तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरते नाही. कोडबरोबर त्या क्षणाचे कूलंटचे तापमानही साठवलेले असते, तेही पाहावे.

एकच सिलिंडर दोषी असेल तर अदलाबदलीची चाचणी सर्वांत खात्रीची. दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी. सकाळी पी०३०३ आले तर कॉइल खराब. पी०३०२च राहिले तर पुढच्या रात्री प्लगची आणि मग इंजेक्टरची अदलाबदल करावी. एका वेळी एकच भाग हलवावा, नाहीतर दोष कुठला हे कळत नाही. कॉइलला बारीक तडा असेल तर दवाच्या ओलाव्यातून ठिणगी बाहेर पळते. अंधारात बोनेट उघडून, हात लांब ठेवून, कॉइलभोवती पाण्याचा हलका फवारा मारल्यास ही निळसर ठिणगी दिसते.

काढलेला प्लग बरेच काही सांगतो. टोकावर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येते आहे किंवा ठिणगी कमकुवत आहे. टोक ओले असून पेट्रोलचा वास येत असेल तर त्या सिलिंडरमध्ये इंधन पेटलेलेच नाही. तेलकट थर असेल तर ऑइल वर चढते आहे. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी आतून न जाता बाहेरून उतरते आहे. तो प्लग आणि कॉइलचे रबरी बूट दोन्ही बदलावे. प्लगचा गॅप बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो झिजून वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते.

अनेक सिलिंडर मिसिंग मारत असतील तर सगळ्यांना समान असलेले भाग तपासावेत. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर कूलंटचे आणि हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. पहाटे १० अंश असताना कूलंट ४० अंश दाखवत असेल तर सेन्सर चुकतो आहे आणि इंजिनाला पेट्रोल कमी मिळते आहे. थंडीत आकसलेल्या इनटेक गॅस्केटमधून जादा हवा शिरली तरीही मिश्रण पातळ होते. धुराच्या चाचणीत अशी गळती सापडते.

सर्वांत महागडा दोष हेड गॅस्केटचा. रात्रभर कूलंटचे थेंब सिलिंडरमध्ये झिरपतात आणि सकाळी प्लग ओला होतो. थंडीत सायलेन्सरमधून थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे, ती काही मिनिटांत थांबते. पण पांढरा धूर बराच वेळ राहतो आणि बाटलीतले कूलंट दर आठवड्याला उतरते, तेव्हा संशय पक्का धरावा. रेडिएटरला संध्याकाळी हातपंपाने दाब देऊन सकाळी प्लगच्या छिद्रातून कॅमेऱ्याने पाहिले की ओल दिसते. कॉम्प्रेशनही थंड इंजिनावरच मोजावे, कारण तापल्यावर रिंगा आणि व्हॉल्व्ह जास्त घट्ट बसतात. सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांहून जास्त असेल तर दोष इंजिनाच्या आत आहे.

स्पोर्ट्स कारमध्ये हाच क्रम लागतो, फक्त काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. अशा बऱ्याच इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यावर कार्बन साचतो आणि हवेची वाट अडते. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून पहिला मिनिटभर इंजिन मुद्दाम जास्त फेऱ्यांवर चालवले जाते. तेवढा खडबडीतपणा म्हणजे दोष नव्हे. आठवडेच्या आठवडे उभ्या असणाऱ्या गाडीत इंधनाचाही विचार करावा. आता देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते आणि ते हवेतला ओलावा शोषते. फार दिवस उभ्या गाडीत ताजे पेट्रोल भरून मगच पुढचा खर्च करावा.

मिसिंगकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळवते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करावा, शक्य तिथे गाडी थांबवावी. गाडीमालकाने पहिल्या सेल्फला काय झाले, किती वेळ टिकले आणि धुराचा रंग कोणता होता, एवढे लिहून ठेवावे. ही नोंद आणि रात्रभर थंड झालेली गाडी हाती आली, तर मेकॅनिकला अंदाजाने भाग बदलावे लागत नाहीत.